विठ्ठलराव विखे पाटील

उन्हाळ्याच्या दिवसांत अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड येथील रेल्वे स्थानकाबाहेर पडले, की रसवंतिगृहाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा नाद कानी येतो. चरकाच्या लाटांतून ऊस पिळून निघतो, हिरवट रसाची धार भांड्यात पडते आणि चिपाडांचा ढीग एका बाजूस साचत जातो. आले-लिंबाचा स्वाद असलेला तो थंडगार रस पिऊन आपण तृप्त होतो. परंतु हा ऊस कोणाच्या शेतात वाढला, तो वाढविण्यासाठी त्याने किती काळ पाणी दिले, आणि या गोडीतील किती वाटा त्याच्या घरी पोचला, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

प्रवरा नदीच्या काठी राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मनात मात्र हा विचार वर्षानुवर्षे घोळत होता. ऊस गोड असताना तो पिकवणाऱ्याचा संसार कडू का, हे कोडे त्याला पडले होते. त्या कोड्याचे उत्तर त्याने केवळ शोधून काढले नाही, तर हजारो शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ते प्रत्यक्षात उतरविले. त्या शेतकऱ्याचे नाव विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी बुद्रुक नावाचे गाव आहे. एकोणिसावे शतक सरून विसावे उगवण्याच्या सुमारास, श्रावणातील नारळी पौर्णिमेच्या दिवशी, या गावातील एका शेतकरी कुटुंबात विठ्ठलरावांचा जन्म झाला. तो काळ मोठा बिकट होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांनी दख्खनचा प्रदेश होरपळून निघाला होता. पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी पिके. नाही पडला तर गुरे विकावी लागत आणि माणसे काम शोधीत गाव सोडून जात. विठ्ठलरावांचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. शेत हीच त्यांची पुढची शाळा झाली. मातीची पारख, पिकांची निगा, बैलांची देखभाल आणि माणसांची ओळख, हे सारे ते तेथेच शिकले.

दुष्काळापेक्षाही एक मोठे संकट गावोगाव ठाण मांडून बसले होते. ते म्हणजे कर्ज. बियाणे घ्यायचे, बैल घ्यायचा, घरात लग्न निघाले, की शेतकरी सावकाराच्या ओसरीवर जाई. गरजेच्या वेळी पैसे मिळत, पण व्याज इतके जबर असे की एका सुगीचे कर्ज दुसऱ्या सुगीतही फिटत नसे. हिशेबाची वही सावकाराच्या हाती आणि अक्षरओळख नसलेला शेतकरी अंगठा उठवून मोकळा होई. काही वर्षांनी त्याची जमीन त्या वहीत गडप झालेली असे. हे दृश्य विठ्ठलरावांनी लहानपणापासून पाहिले होते.

आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता. अनेकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करावेत, त्यातून गरजूला माफक व्याजाने कर्ज द्यावे आणि त्याने ते वेळेवर फेडावे, अशी ही साधी कल्पना होती. परंतु साधी कल्पना अमलात आणणे सोपे नसते. ज्याला कर्ज मिळते तो ते फेडील, असा इतरांचा विश्वास असावा लागतो. आणि ज्याच्या हाती पैसा असतो तो स्वच्छ हिशेब ठेवील, अशी सर्वांची खात्री असावी लागते. १९२३ साली विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी स्थापन केली. संस्था लहान होती, पण तिने विठ्ठलरावांना एक मोठा धडा शिकविला. एकटा शेतकरी सावकारापुढे दुबळा ठरतो. पण तेच शेतकरी एकत्र आले, की त्यांची पत निर्माण होते.

याच सुमारास प्रवरेच्या खोऱ्यात एक मोठा बदल घडत होता. सह्याद्रीच्या कुशीत भंडारदरा येथे प्रवरा नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम १९१० साली सुरू झाले होते आणि १९२६ साली ते पुरे झाले. धरणाचे पाणी कालव्यांतून खाली आले. ज्या रानात पावसाच्या भरवशावर बाजरी पेरली जाई, तेथे पाटाचे पाणी खळाळू लागले. कोरडवाहू शेतकरी बागाईतदार झाला. सऱ्या पडल्या, उसाच्या कांड्या जमिनीत रुजल्या आणि पाहता पाहता प्रवरेचा काठ उसाने हिरवा झाला.

आता आपले दारिद्र्य संपले, असे शेतकऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ऊस हे खर्चिक पीक आहे. ज्वारी चार महिन्यांत घरी येते, तर ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. तेवढा काळ त्याला खत हवे, पाणी हवे, खुरपणी व बांधणी हवी. हा सारा खर्च आधी करावा लागतो आणि पैसा मात्र शेवटी मिळतो. त्या काळी शेतकरी उसाचा गूळ करीत. शेतातच गुऱ्हाळ लागे. बैल चरकाभोवती फिरत, रस काहिलीत उकळे, गुळव्या रसाचा पाक ओळखून काहील उतरवी आणि गुळाच्या ढेपा तयार होत. ढेपा गाडीत भरून शेतकरी पेठेत नेई. पण तेथे भाव ठरविणारा तो नव्हता. अडत्या सांगेल तो भाव घ्यावा लागे. कारण माल परत नेणे परवडत नसे आणि घेतलेली उचल फेडायची असे. १९३० नंतर जगभर मंदीची लाट आली. गुळाचे भाव कोसळले. कष्ट तेवढेच, खर्च तेवढाच, पण हाती येणारा पैसा मात्र घटला. पाणी आले, ऊस आला, आणि त्याबरोबर कर्जही वाढले.

१९३२ साली सरकारने परदेशांतून येणाऱ्या साखरेवर संरक्षक जकात बसविली. त्यामुळे जावा बेटातून येणारी साखर महाग झाली आणि देशात साखरेचे नवे कारखाने झपाट्याने निघाले. कालव्यांच्या भागातही भांडवलदारांचे खासगी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांना भरपूर ऊस हवा होता. त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि मोठमोठे मळे स्वतःच पिकविण्यास प्रारंभ केला. कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्याला खंडाची ठरावीक रक्कम त्या वेळी बरी वाटे. पण लवकरच त्याला दिसून येई, की ज्या रानाचा तो मालक होता, त्याच रानात आता तो रोजाने कामाला जात आहे.

जे शेतकरी स्वतः ऊस पिकवून कारखान्याला देत, त्यांची अडचण वेगळी होती. ती समजण्यासाठी उसाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. धान्य कोठारात साठवून ठेवता येते. कापसाचे गाठोडे काही महिने थांबू शकते. ऊस मात्र थांबत नाही. तोडल्यानंतर तो वाळू लागतो आणि त्यातील साखरेचे प्रमाण दिवसागणिक कमी होत जाते. म्हणून तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. परिसरात कारखाना एकच असेल आणि त्याने भाव पाडला, किंवा ऊस नेण्यास विलंब केला, तर शेतकरी काय करणार? तो ऊस दूर नेऊ शकत नाही आणि साठवूही शकत नाही. ज्याच्या हाती कारखाना, त्याच्याच हाती भाव, असा हा प्रकार होता.

विठ्ठलरावांचे कोडे येथे उलगडले. केवळ ऊस अधिक पिकवून शेतकऱ्याचे भले होणार नाही. ऊस आणि साखर यांच्यामध्ये जो कारखाना आहे, तो शेतकऱ्यांच्या मालकीचा झाला पाहिजे. मग उसाला भाव देणारे आणि भाव घेणारे एकच होतील. आणि साखर विकून जो नफा होईल, तो ऊस पिकवणाऱ्यांतच वाटला जाईल. पतपेढीने सावकाराला जो पर्याय दिला, तोच पर्याय कारखान्याच्या बाबतीत द्यावा, असा हा विचार होता.

विचार मोठा होता, पण त्यापुढील अडचणीही तेवढ्याच मोठ्या होत्या. पतपेढीला काही शेकडा रुपये पुरत. कारखान्याला लाखो रुपये लागणार होते. यंत्रे कोठून आणायची, ती कोण चालविणार, साखर कशी विकायची, यांतले काहीच ठाऊक नव्हते. नांगर धरणाऱ्या हातांनी कारखाना चालविणे अशक्य आहे, असे अनेक जाणत्या माणसांनाही प्रामाणिकपणे वाटत होते. सहकारी साखर कारखान्याचे काही प्रयत्न याआधी आंध्र भागात झाले होते. पण महाराष्ट्रात असा कारखाना कोणी पाहिलेला नव्हता.

अशा वेळी विठ्ठलरावांना एका थोर अर्थशास्त्रज्ञाचे साहाय्य लाभले. ते म्हणजे धनंजयराव गाडगीळ. त्यांनी इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे शिक्षण घेतले होते आणि पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते संचालक होते. ग्रंथांत रमणाऱ्या या विद्वानाला शेतकऱ्यांच्या स्थितीची खोल जाण होती. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे, दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. गाडगीळ त्या परिषदेस आले होते. तेथे सहकारी साखर कारखान्याच्या कल्पनेला बळ मिळाले. एकाने आयुष्य शेतात घालविलेले, तर दुसऱ्याने ग्रंथालयात. पण दोघांची दृष्टी एकाच ठिकाणी लागली होती. एकाजवळ शेतकऱ्यांचा विश्वास होता, दुसऱ्याजवळ शास्त्राचे ज्ञान होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच पुढचे कार्य सिद्धीस गेले.

भांडवल उभारण्यासाठी शेतकऱ्यांनी स्वतः भाग घेणे आवश्यक होते. कारखाना आपला म्हणायचा, तर त्यात आपला पैसाही असला पाहिजे, हे उघड होते. विठ्ठलराव गावोगाव हिंडू लागले. पारावर, चावडीवर, शेताच्या बांधावर जेथे माणसे भेटतील तेथे ते बसत आणि भागाची योजना समजावून सांगत. हे काम किती कठीण होते, याची कल्पना आज येणे अवघड आहे. ज्या माणसाला लग्नासाठी कर्ज काढावे लागते, त्याने न पाहिलेल्या कारखान्यासाठी पैसे द्यावेत, असे त्याला पटवायचे होते. पूर्वी कितीतरी लोकांनी शेतकऱ्यांना फसविले होते. त्यामुळे त्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक होते. काहींनी थट्टा केली. काहींनी पुढे पाहू, असे म्हणून टाळले. पण लोणीच्या पतपेढीचा व्यवहार ज्यांनी पाहिला होता, त्यांना विठ्ठलरावांचा शब्द ठाऊक होता. हळूहळू भाग जमू लागले. जे भांडवल जमले, ते मुख्यतः एका माणसाच्या सचोटीवर जमले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तरीही शेतकऱ्यांचे पैसे पुरेसे नव्हते. येथे मुंबईने हात दिला. मुंबईत १९११ साली एक मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली होती आणि तिचा कारभार वैकुंठभाई मेहता यांनी कित्येक वर्षे मोठ्या दक्षतेने पाहिला होता. गुजराती घराण्यात जन्मलेले हे सौम्य वृत्तीचे गृहस्थ खेड्यातील सहकाराचे निष्ठावंत मित्र होते. १९४६ नंतर ते मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले. शेतकऱ्यांनी आधी आपला वाटा उचलला आहे, हे पाहून राज्य सरकारने कारखान्याच्या भागभांडवलात भर घातली. औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्जही मिळाले. अशा प्रकारे लोणीचा शेतकरी, पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ आणि मुंबईचा मंत्री या तिघांच्या प्रयत्नांची गाठ पडली.

१९४८ साली संस्थेची नोंदणी झाली. कारखान्यासाठी लोणीजवळील एक ओसाड माळ निवडण्यात आला. जेथे गवताची काडी उगवत नसे, तेथे पाया खणला गेला, भिंती उभ्या राहिल्या, धुराडे आकाशात चढले आणि यंत्रे येऊन दाखल झाली. १९५० साल संपता संपता गाळपास प्रारंभ झाला. प्रवरेच्या काठचा ऊस बैलगाड्यांतून माळावर आला, मोळ्या गव्हाणीत पडल्या आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कारखान्यातून साखर बाहेर पडली. त्या वसाहतीला पुढे प्रवरानगर हे नाव मिळाले. गाडगीळ हे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. मानाची जागा आपल्यालाच हवी, असा हट्ट विठ्ठलरावांनी धरला नाही. संस्था नीट चालावी यासाठी जाणत्या माणसाने सुकाणू धरावे आणि आपण उपाध्यक्ष म्हणून राबावे, हे त्यांनी आनंदाने स्वीकारले. पुढे अध्यक्षपदाची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

या कारखान्यामुळे शेतकऱ्याच्या उत्पन्नात भर कशी पडली, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक सभासद शेतकऱ्याच्या उसाचे वजन काट्यावर होई आणि त्याची नोंद त्याच्या नावावर होई. ऊस गेल्यावर त्याला पहिली उचल मिळे. हंगाम संपल्यावर साखर विकून आलेल्या रकमेतून खर्च वजा जाई आणि उरलेली रक्कम प्रत्येकाच्या उसाच्या प्रमाणात पुन्हा वाटली जाई. मोठ्या बागाईतदाराचे भाग अधिक असले, तरी सभेत त्याला एकच मत असे आणि दोन एकरांच्या शेतकऱ्यालाही एकच मत असे. ऊस तोडणे व वाहून नेणे, ही कामेही कारखान्याने आपल्याकडे घेतली. त्यामुळे कोणाचा ऊस कधी तुटणार हे क्रमाने ठरू लागले आणि पक्व झालेला ऊस रानात वाळत उभा राहण्याची भीती कमी झाली.

उसाचा कोणताही भाग वाया जाऊ नये, हेही कारखान्यामुळे शक्य झाले. आपल्याकडे एक टन उसातून साधारणपणे १०० ते ११० किलो साखर निघते. मग उरलेल्याचे काय होते? रस काढल्यावर राहिलेला भुसा बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्या वाफेवर कारखान्याची यंत्रे चालतात. रस शुद्ध करताना निघणारा गाळ शेतात खत म्हणून परत जातो. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणाऱ्या दाट, काळसर मळीपासून मद्यार्क तयार होतो आणि तो औषधांच्या व रसायनांच्या कारखान्यांत उपयोगी पडतो. उसाच्या हिरव्या शेंड्याचे वाढे तर शेतातच गुरांना घातले जाते. गुऱ्हाळात शेतकऱ्याला केवळ गुळाचा पैसा मिळे. कारखान्यात या सर्वांच्या मूल्यातील वाटा त्याच्याकडे येऊ शकतो.

शास्त्राचीही या कामी मोठी मदत झाली. नीरा कालव्यावरील पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले होते. तमिळनाडूतील कोइमतूर येथील संस्थेत निर्माण झालेल्या उसाच्या नव्या जाती महाराष्ट्रात येत होत्या. त्यांपैकी को-४१९ ही जात कालव्याच्या रानात उत्तम रुजली. याबाबतीत निसर्गही आपल्याला अनुकूल आहे. उत्तर प्रदेश व बिहार हे प्रदेश समशीतोष्ण कटिबंधाच्या जवळचे. तेथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडून उसाची वाढ थांबते आणि उन्हाळ्यात उष्ण वारे त्याला सुकवितात. महाराष्ट्रातील हिवाळा सौम्य असल्याने येथे ऊस वर्षभर वाढत राहतो. म्हणून दर एकरी उत्पन्न आणि उसातील साखर ही दोन्ही येथे अधिक मिळतात. परंतु हवामान, पाणी आणि चांगले बेणे असूनही पूर्वी शेतकरी कंगालच होता, हे विसरून चालणार नाही. निसर्गाने दिलेले धन घरी नेण्याची वाट त्याला सहकाराने मोकळी करून दिली.

प्रवरानगरचा प्रयोग यशस्वी झाल्याचे पाहून इतर भागांतील शेतकऱ्यांनाही धीर आला. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे, पंचगंगेच्या काठी रत्नाप्पा कुंभार, अकलूजच्या परिसरात शंकरराव मोहिते पाटील, अशा कर्त्या पुरुषांनी पुढील वर्षांत सहकारी कारखाने उभे केले. १९६१ साली भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरला भेट दिली. त्याच वर्षी भारत सरकारने विठ्ठलरावांना पद्मश्री हा किताब देऊन गौरविले. ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, त्यांना पुढे सन्मानाची डॉक्टर ही पदवीही मिळाली.

आपले शिक्षण राहिले, याची जाणीव विठ्ठलरावांना असली पाहिजे. कारण उसाचे पैसे घरात आले, की ते केवळ घरे बांधण्यात आणि लग्ने करण्यात संपावेत, हे त्यांना मान्य नव्हते. सभासदांच्या उसाच्या रकमेतून टनामागे थोडी कपात करून सार्वजनिक कामासाठी निधी उभारण्याची पद्धत सहकारी कारखान्यांनी स्वीकारली. शेतकऱ्यांच्या मुलांना शहरातल्यासारखे शिक्षण मिळावे म्हणून १९६४ साली प्रवरानगर येथे प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले. त्यानंतरच्या दशकात लोणी येथे ग्रामीण भागासाठी मोठे रुग्णालय उभे राहिले. ज्या गावातून आजाऱ्याला बैलगाडीत घालून दूर न्यावे लागे, त्याच गावी आता दूरदूरचे रुग्ण येऊ लागले.

विठ्ठलरावांनी लावलेल्या रोपाचा आज वृक्ष झाला आहे. २०२३-२४ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे २०० साखर कारखान्यांनी गाळप केले आणि त्यांतील जवळजवळ निम्मे सहकारी होते. परंतु वृक्ष मोठा झाला म्हणजे त्याची काळजी संपते असे नाही. ऊस पुष्कळ पाणी पितो. पाटाचे पाणी वारेमाप दिल्याने कित्येक जमिनी खारट व चोपण झाल्या, तर कोठे उसाला पाणी आणि शेजारच्या गावाला पिण्याचीही टंचाई, असे चित्र दिसते. म्हणून ठिबक सिंचनासारख्या पद्धतींनी पाणी जपून वापरण्याची आवश्यकता आहे. काही सहकारी कारखाने गैरकारभारामुळे बंद पडले आणि तेथील सभासदांना मोठा फटका बसला. शिवाय दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे हाती कोयता घेऊन ऊसतोडणीस निघतात. फडाशेजारच्या खोपट्यात त्यांचा संसार मांडला जातो आणि त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. उसाच्या गोडीचा पुरेसा वाटा त्यांच्या घरी अद्याप पोचलेला नाही. विठ्ठलरावांना जो प्रश्न पडला होता, तो या कुटुंबांच्या बाबतीत आजही उत्तराची वाट पाहत आहे.

२७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलरावांचे निधन झाले. प्रवरानगरचा कारखाना आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि नारळी पौर्णिमेचा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात शेतकरी दिन म्हणून साजरा करण्यात येतो.

नारळी पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात आणि एकमेकांच्या सोबतीने होड्या पाण्यात लोटतात. खवळलेल्या समुद्रात एकट्याचे वल्हे अपुरे पडते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच दिवशी जन्मलेल्या लोणीच्या या शेतकऱ्याने समुद्रापासून दूर, एका उजाड माळावर, तेच सत्य आपल्या बांधवांना पटवून दिले. प्रथम लोकांचा विश्वास संपादन करावा, मग त्यांना एकत्र आणावे आणि जे उभे राहील त्याचा हिशेब स्वच्छ ठेवावा, एवढेच त्यांच्या यशाचे रहस्य होते. पुढच्या वेळी रसवंतिगृहातील घुंगरांचा नाद ऐकू आला, की प्रवरेच्या काठावरील या माणसाचे क्षणभर स्मरण करावे.

स्वाध्याय

१. पाटाचे पाणी येऊनही प्रवराकाठच्या शेतकऱ्यांचे कर्ज का वाढले?
२. ऊस आणि धान्य यांच्या स्वभावातील कोणता फरक लेखात सांगितला आहे? त्यामुळे शेतकऱ्याची कोणती अडचण होई?
३. विठ्ठलराव, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी कारखान्याच्या उभारणीस कोणकोणत्या प्रकारे हातभार लावला?
४. सहकारी कारखान्यात लहान व मोठ्या सभासदाला एकच मत का असावे? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. तुमच्या वस्तीतील एखाद्या सहकारी संस्थेची, उदाहरणार्थ गृहनिर्माण संस्था, पतपेढी किंवा ग्राहक भांडार यांची माहिती मिळवा आणि तिचा कारभार कसा चालतो ते लिहा.